'मॅरीड विथ' की 'मॅरीड टू'? विशेषणापुढचं प्रिपोझिशन कसं ओळखायचं?

'मॅरीड टू'च. सगळीकडे लागू पडेल असा नियम नाही, म्हणून विशेषण शिकतानाच त्याचं प्रिपोझिशन सोबत शिकावं: 'अफ्रेड ऑफ', 'इंटरेस्टेड इन', 'प्राउड ऑफ'. आपली चूक बहुतेकदा मराठी प्रत्ययामुळे होते. 'डॉक्टरशी लग्न' यातला 'शी' आपल्याला 'विथ'कडे ओढतो, पण इंग्रजीत 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर' असंच म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. प्रिपोझिशन बदललं की अर्थही बदलतो. 'टायर्ड फ्रॉम द वॉक' म्हणजे चालून थकलो. 'टायर्ड ऑफ द वॉक' म्हणजे त्या चालण्याचा कंटाळा आला. 'गुड ॲट ड्रॉइंग' म्हणजे चित्रं छान काढतो, 'गुड विथ चिल्ड्रन' म्हणजे मुलांना छान सांभाळतो, आणि 'गुड फॉर हेल्थ' म्हणजे तब्येतीला चांगलं. हा फरक मला फार आवडतो. एवढ्याशा शब्दात केवढं काम!

प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावा: 'गुड ॲट स्विमिंग'. 'आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली' (मला लवकर उठायची सवय आहे) यातला 'टू'सुद्धा प्रिपोझिशनच आहे, म्हणून तिथे 'वेक' चालत नाही.