रायफलीला टेकू घ्यावा की उभ्याने मारावं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: टेक्ससमध्ये यंदा पहिल्यांदाच व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जाणार आहे. सोबतचे लोक म्हणतात, काठ्यांचा टेकू (रायफल त्यांवर ठेवून मारायचं) नवशिक्यांसाठी असतो, शंभर यार्डांपर्यंत उभ्यानेच मारायचं. हे बरोबर आहे का? (वाचक, डॅलस)

उत्तर: नाही. साधा हिशेब करून बघा. रायफलचा दस्ता खांद्याला लागतो तिथून पुढच्या हातापर्यंत साधारण 60 सेंमी अंतर असतं. खांदा जागेवर राहिला आणि पुढचा हात फक्त 1 मिलिमीटर हलला, तरी 100 यार्डांवर गोळी सुमारे 15 सेंमी सरकते. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण 20 सेंमी व्यासाचा धरतात, म्हणजे मधोमध नेम असला तरी चूक पचवायला 10 सेंमीच मिळतात. उभ्याने, धाप लागलेली असताना, जड जाकीट अंगात असताना हात एक मिलिमीटरच्या आत ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. आणि चूक झाली तर परिणाम भोगतं ते जनावर. पोटात गोळी घेऊन ते दूरवर जाऊ शकतं आणि तासन्‌तास तडफडतं. म्हणून टेकू मिळत असेल तर तो घ्यायचाच, त्यात कमीपणा नाही.

स्वतःची मर्यादा आधी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर) ठरवा. 20 सेंमीची कागदी थाळी लावून 25 यार्डांवरून उभ्याने पाच गोळ्या मारा. पाचही थाळीत बसल्या तर 50 यार्डांवर जा. पाचातली एकही बाहेर गेली, की त्याच्या आधीचं अंतर ही तुमची हद्द. चार बसल्या म्हणून पुढे सरकू नका. बऱ्याच जणांची हद्द 50 यार्डांच्या आसपासच निघते. तीच परीक्षा बसून आणि काठ्यांवरूनही द्या. फरक दिसला की सोबतच्यांशी वाद घालायची गरज उरणार नाही.

प्रश्न: रेंजवरच्या बेंचवर रायफल अगदी बरोबर झिरो होते (जिथे नेम तिथेच गोळी लागते), पण कुंपणाच्या खांबावर टेकवून मारलं की गोळी वर जाते. रायफलीवरची दुर्बीण बिघडली असेल का? (वाचक, ह्यूस्टन)

उत्तर: दुर्बिणीचे स्क्रू एकदा तपासा, पण दोष बहुधा खांबाचा आहे. गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल मागे सरकायला लागलेली असते. खाली कठीण लाकूड, दगड किंवा गाडीचं बॉनेट असेल तर ती त्यावरून उसळते आणि गोळी टेकूपासून दूर जाते: टेकू खाली असेल तर वर, झाडाच्या बुंध्याला बाजूने टेकवलं असेल तर विरुद्ध बाजूला. उपाय सोपा आहे. मध्ये काहीतरी मऊ हवं: घडी केलेलं जाकीट, पिशवी, काहीच नसेल तर स्वतःचा हात. झाडापाशी तळहात बुंध्यावर दाबून धरा आणि अंगठा व तर्जनीच्या बेचक्यात रायफल ठेवा.

नळी कशालाच टेकवायची नाही. दस्त्याचा पुढचा भागच टेकवायचा. नळी टेकली की तिची थरथर बदलते आणि झिरो बदलतो. बायपॉडबाबतही (दस्त्याला पुढे जोडलेले दोन पाय) हेच. स्वस्त प्लॅस्टिकचा दस्ता लवचीक असतो. बायपॉडवर पुढे जोर दिला की तो वाकून नळीला लागतो. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा, बायपॉडवर भार देऊन पुन्हा बघा. दुसऱ्या वेळी अडकली तर दस्त्याचा आतला भाग घासून घ्यावा लागेल.

आणखी एक धोका नवख्यांच्या लक्षात येत नाही. दुर्बीण नळीच्या साधारण 4 सेंमी वर असते. दुर्बिणीतून समोर मोकळं दिसतं, पण नळीच्या तोंडापुढे मात्र खिडकीची चौकट, पिशवीची कड किंवा दगड असतो. मचाणावरच्या खोलीतून मारताना नळीचं तोंड खिडकीबाहेर काढा आणि चाप ओढण्याआधी दुर्बिणीवरून डोकं उचलून एकदा नळीच्या पुढे बघून घ्या.

प्रश्न: मोकळ्या माळावर ना झाड, ना खांब. अशा वेळी उभ्यानेच मारावं का? (वाचक, कॉलोराडो)

उत्तर: जमिनीकडे जितकं जाता येईल तितकं जा. गवत आड येत नसेल तर पालथं झोपून, पुढे पाठीवरची पिशवी ठेवून. गवत उंच असेल तर बसून: टाचा जमिनीत रोवा, दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं की हाडावर हाड घसरतं. कोपराच्या जरा वरचा दंडाचा मांसल भाग गुडघ्याला भिडवा. गुडघ्यावर बसून मारतानाही हेच, फक्त तिथे एकाच हाताला आधार मिळतो, उजवा हात लटकताच राहतो.

रायफलीचा पट्टा दंडाला गुंडाळून ताणला तर झोपून, बसून आणि गुडघ्यावर चांगला उपयोग होतो, कारण कोपर कशावर तरी टेकलेलं असतं. उभ्याने त्याचा फायदा थोडाच.

सोबत न्यायचं ठरवलं तर दोन पायांच्या काठ्यांपेक्षा तीन पायांचा ट्रायपॉड बरा. काठ्यांनी पुढचं टोक सांभाळलं जातं, मागचा दस्ता मात्र खांद्यासोबत हलतच राहतो. म्हणून काठ्यांवर मारताना बसा आणि उजवं कोपर गुडघ्यावर टेकवा. पायांची उंची घरीच जुळवून चिकटपट्टीची खूण करून ठेवा. हरीण समोर आल्यावर काठ्यांचे पेच फिरवायला वेळ नसतो.

कुठलीही बैठक असो, ही तपासणी रिकाम्या रायफलीवर घरी करा: नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. क्रॉसहेअर (दुर्बिणीतली फुली) सरकलेला दिसला तर हातांनी ओढून आणू नका, कारण चाप ओढताना स्नायू सैल पडले की तो परत तिकडेच जाणार. पाय किंवा बूड सरकवून सगळं अंगच फिरवा. चाप श्वास सोडल्यानंतरच्या नैसर्गिक विरामात ओढा. त्या विरामातले पाचेक सेकंद उलटले तर सोडून द्या आणि पुन्हा श्वास घ्या.

प्रश्न: अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मित्राची रायफल वापरली तर चालेल का? (वाचक, ऑस्टिन)

उत्तर: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला एरवी मनाई आहे. राज्याने दिलेला चालू शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते. मित्राची बंदूक हातात घेणंही बाळगण्यात मोजलं जाऊ शकतं, म्हणून रेंजवर जाण्याआधीच परवाना काढा. टेक्ससचा परवाना 31 ऑगस्टला संपतो आणि तो संपला की सूटही संपते. जन्म 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतरचा असेल तर शिकार-प्रशिक्षणाची अटही लागू होते. व्हिसाचा प्रश्न असल्याने वकिलाचा सल्ला घ्याच. भारतात तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, सुट्टीवर आल्यावर हा छंद तिकडेच ठेवून या.

प्रश्न: मी 10 मीटर एअर रायफल शिकते. शिकारी टेकू घेतात, मग आम्हालाच उभ्याने का मारायला लावतात? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: कारण तिथे उभ्याने मारता येतं का, हीच परीक्षा आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं. त्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तिन्ही बैठका असतात, आणि उभ्याने मारताना पट्टाही चालत नाही. मग आधार हाडांचा घ्यायचा: डावं कोपर कमरेच्या हाडावर, कंबर किंचित पुढे, रायफलीचं वजन सरळ खाली पायांत. स्नायूंनी उचलून धरली तर काही मिनिटांत हात थरथरतो. सुरुवातीला स्टँडवर ठेवून मारायला सांगतात ते चाप शिकण्यासाठी. स्टँडवर छर्रे एका जागी पडत असतील आणि उभ्याने विखुरत असतील, तर दोष बैठकीत आहे. स्टँडवरही विखुरत असतील तर बोट चाप सरळ मागे न ओढता बाजूला ढकलतंय. आधी तेवढंच दुरुस्त करा.