उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना मारधाडीचा मोठा सिनेमा दाखवावा की ॲनिमेशनपट? मोठ्यांनी ‘कार्टून’ला तिकीट काढावं का?

काढावं. आमच्या दाजींना हे अजून पटलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

वरचा प्रश्न विचारणारे वाचकहो, तुम्ही लिहिलंय की तुमची पोरं आठ आणि अकरा वर्षांची, बायको म्हणते ॲनिमेशन, आणि तुम्ही म्हणताय “एवढे पैसे मोडायचेच तर काहीतरी मोठं बघू”. ते “काहीतरी मोठं” वाचलं आणि मला थेट एप्रिल 2016 आठवला.

तेव्हा लातुरात काय चाललं होतं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलंय. मांजरा धरण कोरडं, नळ नावापुरते, आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा, घरटी एक पिंप. पाण्यावरून डोकी फुटतील म्हणून टाक्यांपाशी 144 कलम लावलेलं, पाचाच्या वर माणसं जमायची नाहीत. 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर, आणि ती बघायला लोक स्टेशनात. असल्या दिवसांत ताई, दाजी आणि त्यांची दोन लेकरं उदगीरहून आमच्याकडं आली. ताईनं डिक्कीत शेतातल्या बोअरचे दोन कॅन भरून आणले होते. दरवर्षी आंबे आणते.

रविवारी दुपारी स्लॅब असा तापला की कूलर लावायचा म्हटलं तर कूलरला पाणी लागतं. म्हटलं थेटरात जाऊ, दोन तास एसी तरी मिळेल. ‘द जंगल बुक’ लागला होता, हिंदीत. दाजी म्हणाले, “कार्टून? मी काय बारकं लेकरू हाव का? पुढच्या महिन्यात ते सगळे हिरो एकमेकाला हाणणारा येलालाय, तवा जाऊ.” मी सांगितलं, शेरखानाचा आवाज नाना पाटेकरचा आहे. तेवढ्यावर गडी हलला. पण अट घातली: आवडलं तर सातही तिकिटांचे पैसे दाजी देणार, नाही आवडलं तर मी परत त्यांच्यापुढं कार्टूनचं नाव काढायचं नाही. ताई आणि माझी बायको साक्षीला आहेत.

थेटराच्या दारात गार्डनं अडवलं. बाहेरचं पाणी आत चालत नाही. माझ्या लेकीच्या गळ्यात शाळेची गुलाबी बाटली, नळी चावून चावून पांढरी झालेली. ती तेव्हा तिसरीत होती. “ओता तिकडं,” म्हणून त्यानं कुंडी दाखवली. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं. दाजी पेटले. “लातुरात हुबारून पाणी ओत म्हणलालास?” मागं लाईन तुंबली, कुणी हसतंय, कुणी दाजींच्या बाजूनं ओरडतंय. मग दाजींनी बाटलीचं झाकण काढलं, एक घोट घेतला आणि ताईच्या हातात दिली. ताई, बायको, तिन्ही पोरं, मी. तहान कुणालाच नव्हती. तळाला राहिलेला घोट दाजींनी गार्डपुढं धरला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि पिऊन टाकला. रिकामी बाटली आत चालली.

आता सिनेमा. सुरुवातीलाच नदी आटते, मधला खडक उघडा पडतो, आणि तो खडक दिसला की जंगलाचा कायदा लागू: पाणवठ्यावर कुणी कुणाची शिकार करायची नाही. हरणं, डुकरं, लांडगे, सगळे एका काठावर तोंड लावून पितायत, आणि वरून शेरखान उतरतो. थेटर चिडीचूप. मागच्या रांगेतून आवाज आला, “हितंबी एकशे चव्वेचाळीस लागलंय की!” सगळं थेटर असं हसलं की पुढचे दोन संवाद कुणाला ऐकूच आले नाहीत. दाजी सगळ्यात मोठ्यानं हसत होते, मांडीवर थापा मारत.

मला सांगा, विमानं फुटणाऱ्या कुठल्या सिनेमानं लातूरकरांना त्या एप्रिलमध्ये त्यांचंच गाव दाखवलं असतं?

बाहेर आल्यावर मी म्हटलं, दाजी, 840 रुपये. तर म्हणतात, “आवडलं की! पण हे कार्टून न्हाई. पोरगं खरं हाय त्यात.” ते असं काहीतरी म्हणणार हे मला अगोदरच वाटलं होतं, म्हणून मी सिनेमाच्या शेवटी, सगळे उठलेले असताना, त्यांना धरून बसवलं होतं आणि पडद्यावरची ओळ दाखवली होती: चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये. जंगल नाहीच! एक पोरगा निळ्या पडद्यांपुढं पळतोय, बाकी वाघ, अस्वल, झाडं जवळजवळ सगळी कॉम्प्युटरवर बसून केलेली. हे ॲनिमेशन नाही तर काय? पण दाजींचं एकच, पोरगं खरं हाय. दहाबारा दिवसांनी ‘सैराट’ आला आणि मग लातुरात दुसऱ्या कशावर कुणी बोलेना, त्यामुळं तो विषय तिथंच राहिला.

मे महिन्यात दाजींनी त्यांचा तो हाणामारीवाला सिनेमा, ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’, पोरांना दाखवलाच. 147 मिनिटांचा, आणि मार्व्हलच्या सुपरहिरो मालिकेतला तेरावा. आधीचे बारा न बघितलेलं आठ वर्षांचं लेकरू बापाला दर पाच मिनिटाला विचारत होतं, हा कोण, तो कोण, हे दोघं का भांडलालेत. मध्यंतरानंतर झोपलं. जंगल बुक पावणेदोन तासांत आटोपतो. हा हिशोब तिकीट काढणाऱ्यानं करायचा असतो, तुम्ही तो केलेला दिसत नाही.

आणि हे उन्हाळी ब्लॉकबस्टर प्रकरण मुळात अमेरिकेच्या सुट्टीसाठी. 1975 च्या जूनमध्ये शार्कवाला ‘जॉज’ आला आणि तुफान चालला, तेव्हापासून तिकडं मोठे सिनेमे मे ते ऑगस्ट या काळात सोडतात. आपल्याकडं जूनच्या मध्यात शाळा उघडतात, आणि जून-जुलैत मराठवाड्यातल्या माणसाच्या खिशात बी-खताची पावती असते, तिकीट नसतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये काय लागतं तेवढंच बघा. जंगल बुक आपल्याकडं 8 एप्रिलला आला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. ज्यानं ती तारीख ठरवली त्याला आपल्या सुट्टीचं कळत होतं.

मोठ्या सिनेमांना मी सरसकट नावं ठेवतोय असं मात्र नाही. 1994 ला ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला तेव्हा मी सातवीत होतो, काकांनी नेलं होतं. किल्लारीचा भूकंप होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यात डायनोसॉर दिसायच्या आधी नुसती पावलं वाजतात आणि ग्लासातलं पाणी थरथरतं. काका उठले आणि काही न बोलता दाराकडं चालू लागले. पुढचा सगळा सिनेमा ते बाहेर उभे होते, बिड्या ओढत. मी एकटा बसून बघितला. त्या अख्ख्या सिनेमात कॉम्प्युटरवर केलेले डायनोसॉर सहाएक मिनिटं आहेत, बाकी पुतळे आणि यंत्रं. तो टीव्हीवर बघून उपयोग नाही, हे दाजींचं म्हणणं मला मान्य आहे.

अजून एक. ॲनिमेशन म्हणजे बिनधास्त पोरांना सोडावं असंही नाही. जंगल बुकला सेन्सॉरनं यू/ए, म्हणजे लहान पोरांनी मोठ्यांसोबत बघावा असं प्रमाणपत्र, दिलं तेव्हा लोक हसले होते. मीही हसलो होतो. लेक पुढच्या दोन रात्री माझ्या अंगावर पाय टाकून झोपली, नानाचा आवाज आठवतो म्हणून. तुमचा आठ वर्षांचा कसा आहे ते तुम्हालाच ठाऊक. इंग्रजीचा हट्ट धरू नका, मराठी शाळेतली पोरं असतील तर सरळ हिंदी घ्या. सकाळचा खेळ स्वस्त पडतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर 2017 च्या ऑस्करमध्ये ॲनिमेशनचं बक्षीस ‘झूटोपिया’ला मिळालं आणि जंगल बुकला मिळालं ते व्हिज्युअल इफेक्ट्सचं. दाजींनी पेपरातल्या बातमीचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली लिहिलं, “बग. कार्टून न्हाई.” आणि अंगठा. मी उत्तर दिलं नाही.

पण अट “आवडलं तर” अशी होती. दाजी, तुम्ही मांडीवर थापा मारत होता, ताईनं बघितलंय. 840 रुपये. फोनपेचा नंबर तोच आहे.