गंडमचं पहिलं किट कोणतं घ्यावं?

प्रश्न: दादा, माझ्या १२ वर्षांच्या मुलाला जपानी कार्टूनमधल्या आरएक्स-७८-२ गंडम या लढाऊ रोबोटचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल हवंय, पण एकाच रोबोटचे एचजी (हाय ग्रेड), एमजी (मास्टर ग्रेड), पीजी (परफेक्ट ग्रेड) असे डबे दिसतात, घ्यायचा कोणता? आणि गोंद लागतो का? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, डोळे झाकून एचजी घ्या. गोष्टीतला गंडम १८ मीटर उंच, एचजी म्हणजे त्याच्या १/१४४, साधारण साडेबारा सेंटीमीटर, एमजी १/१०० म्हणजे १८ आणि पीजी १/६० म्हणजे चांगला ३० सेंटीमीटर, पण त्यात इतके बारीक पार्ट असतात की पहिल्याच वेळी पोरगं कंटाळून सोडून देईल, तसं होऊ नये असं मनापासून वाटतं. बांदाई या जपानी खेळणी कंपनीने १९८० मध्ये पहिलं किट काढलं तेव्हा ३०० येन किंमत होती आणि गोंद लागायचा, आता पार्ट नुसते दाबून बसतात. पार्ट ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, तिच्यातून ते हाताने पिळून तोडू देऊ नका हं, पांढरे डाग पडतात! छोटा निपर (बारीक कटर) आणा, आधी थोडं लांबून कापायचं, मग उरलेलं टोक जवळून. पहिल्या दिवशी शेजारी बसा त्याच्या.