तोंड एक, माइक एक, मग ट्रॅक स्टिरिओ कशाला?

प्रश्न : मी गडकिल्ल्यांचे व्हिडिओ दाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्ये एडिट करतो. परवा दोन इनपुटवाला ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) घेतला आणि माइक पहिल्या इनपुटला लावून व्हॉइसओव्हर केला. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं तर झकास, म्हणून टाकला व्हिडिओ. मावसभावाने एसटीत एका कानात इयरफोन घालून बघितला आणि मला फोन, "अरे नुसतं म्युझिकच वाजतंय, तू बोलतोयस कुठे?" माइक खराब निघाला का? परत करू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अहो थांबा, माइक परत करू नका, तो बिचारा बरोबर काम करतोय. तुमच्या भावाने उजवा इयरफोन घातला होता एवढंच.

झालंय काय, की इंटरफेसचं पहिलं इनपुट म्हणजे डावं आणि दुसरं म्हणजे उजवं असं सॉफ्टवेअर धरून चालतं, आणि तुमचा ट्रॅक स्टिरिओ, म्हणजे डावं-उजवं असे दोन वेगळे चॅनल असलेला होता, त्यामुळे डाव्या बाजूला तुमचा आवाज आणि उजव्या बाजूला रिकाम्या इनपुटची शांतता रेकॉर्ड झाली. मोबाइलला एकच स्पीकर असला की तो डावं-उजवं एकत्र करून वाजवतो, म्हणून तुम्हाला तिथे काही कळलंच नाही. मी पण सुरुवातीला एक अख्खा लग्नाचा व्हिडिओ असाच दिला होता, जाऊ दे तो विषय.

रेकॉर्डिंग पुन्हा करायची गरज नाही. टाइमलाइनवरच्या क्लिपवर राइट क्लिक, क्लिप ॲट्रिब्यूट्स, त्यात ऑडिओचा टॅब, तिथे फॉरमॅट मोनो (एकच चॅनल) करा, सोर्स चॅनल म्हणून एम्बेडेड चॅनल १ निवडा आणि ट्रॅकही मोनो करा, कसा ते पुढे सांगतो. ट्रॅक स्टिरिओच ठेवायचा असेल तर डावं आणि उजवं दोन्हीकडे चॅनल १ दिलं तरी चालतं. ॲडोबीचं प्रीमिअर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी 'फिल राइट विथ लेफ्ट' नावाचा इफेक्ट आहे, क्लिपवर टाकला की काम झालं.

पुढच्या वेळी मात्र आधीच मोनो करा. रिझॉल्व्हच्या फेअरलाइट (ऑडिओच्या) पेजवर जाऊन ट्रॅकच्या नावावर राइट क्लिक करून 'चेंज ट्रॅक टाइप टू'मधून मोनो निवडा, मग वरच्या फेअरलाइट मेनूतून 'पॅच इनपुट आउटपुट' उघडून पहिलं इनपुट त्या ट्रॅकला जोडा, ट्रॅकचं 'आर' बटण दाबा आणि बोलून बघा, मीटर हललं की रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबा. गेन (इंटरफेसवरचं माइकचा आवाज वाढवायचं बटण) एवढाच ठेवा की जोरात बोललात तरी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, आणि हो, पंखा बंद करा, प्लीज.

खूप जणांना वाटतं मोनो म्हणजे जुन्या रेडिओसारखा हलका आवाज. तसं काही नाहीये! मोनो ट्रॅक मधोमध पॅन केला (डावं-उजवं यांच्या बरोबर मध्ये ठेवला) की दोन्ही कानांत सारखाच जातो, म्युझिक स्टिरिओच राहतं आणि एक्सपोर्टही स्टिरिओच करायचा. क्वालिटी तीच आणि फाइल निम्मी, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला मोनोचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबी होतं, स्टिरिओचं सतरा. ते जास्तीचे साडेआठ एमबी तुम्ही शांतता साठवायला खर्च केलेत.

प्रश्न : माझं बरोबर उलटं आहे, हेडफोनवर आवाज येतो पण जरा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा, आणि मोबाइलवर तर गायबच होतो! एक्सएलआर (तीन पिनांच्या जोडणीचा) माइक एका ॲडॉप्टर केबलने थेट कॅमेऱ्याला लावलाय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा जास्त खतरनाक प्रकार आहे बरं का. एक्सएलआर माइक एकच आवाज दोन तारांवरून पाठवतो, एक सुलटा, एक उलटा. तुमच्या केबलने सुलटा डावीकडे आणि उलटा उजवीकडे दिला, कारण कॅमेऱ्याच्या स्टिरिओ जॅकला हे दोन वेगळे चॅनल वाटतात. मोबाइलने दोन्हींची बेरीज केली की अधिक आणि वजा मिळून शून्य, उरतं फक्त म्युझिक. लेव्हल कितीही वाढवा, काही फरक पडणार नाही. इलाज वरच्याच उत्तरातला, क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये मोनो आणि फक्त चॅनल १, एका मिनिटात आवाज परत येईल. केबल मात्र बदला, दुकानात सांगताना नुसतं 'एक्सएलआर टू साडेतीन एमएम' म्हणू नका, नाहीतर परत हीच हातात ठेवतील, 'एकच माइक आहे, दोन्ही चॅनलला सुलटा सिग्नल गेला पाहिजे' असं सांगा.