ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेत आतल्या लूपमधून एकदम बाहेर कसं पडायचं?
लिस्ट.आयटरच्या (लिस्टमधल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवतं ते) आत दुसरा लिस्ट.आयटर, बेरीज 100 होणारी जोडी सापडली की तिथूनच उत्तर घेऊन निघायचंय आणि ओकॅमलमध्ये रिटर्नच नाही, बरोबर ना? मग सरळ एक्सेप्शन (चालू काम मधेच तोडून बाहेर नेणारा इशारा) वापरा, लाजू नका, इथे ते स्वस्त पडतं. ओकॅमलच्या 4.04 आवृत्तीपासून फंक्शनच्या आतच 'लेट एक्सेप्शन' लिहिता येतं, जोडी सापडली की ते रेझ करा म्हणजे फेका, बाहेर ट्राय-विथमध्ये पकडून सम (Some, म्हणजे सापडलेलं उत्तर) द्या, नाहीतर नन (None, म्हणजे काहीच नाही). फक्त मधे कुठे 'विथ अंडरस्कोर' लिहून सगळीच एक्सेप्शन गिळणारा ट्राय नको, माझा एकदा अख्खा दिवस गेलाय त्यात. पण खरं सांगू का, दोनच लेव्हल असतील तर आत-बाहेर दोन्हीकडे लिस्ट.फाइंड-मॅप लावा, 4.10 पासून आहे, पहिलं सम मिळालं की आपोआप थांबतं.