सर्जनकडे पाठवलं, पण तपासणार फिजिओथेरपिस्ट?

प्रश्न : कंबर दुखते, डाव्या पायात कळ जाते. अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ मागितली, तर आधी फिजिओथेरपिस्ट तपासतील असं सांगितलं. ही बोळवण तर नाही?

उत्तर : नाही. सर्जनकडे पाठवलेल्या कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. त्यांच्या गर्दीमुळे ज्याला ती खरोखर हवी, तोही ताटकळतो. म्हणून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात जादा प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट आधी तपासतात. ब्रिटनमध्ये तर 2013 पासून, वेगळं प्रशिक्षण घेतलेल्यांना औषधं लिहून देण्याचाही अधिकार आहे.

तपासणीत काय होतं, ते पाहून घ्या. उताणं झोपवून तुमचा पाय सरळ ठेवून उचलतील. साधारण 30 ते 70 अंशांच्या दरम्यान नेहमीचीच कळ गुडघ्याखाली उतरली, तर नस दबल्याचा संशय बळावतो. नुसती मांडी मागून ताणली, तर तो बहुधा स्नायूंचा आखडलेपणा. मग टाचांवर आणि चवड्यांवर चालवतील, पायाचा अंगठा वर ओढायला लावून त्याची ताकद अजमावतील. एवढं न करता कोणी थेट उपचाराचं मशीन लावायला घेतलं, तर ही ती तपासणी नव्हे.

एमआरआय लगेच सांगितला नाही म्हणून खट्टू होऊ नका. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या सुमारे 80 टक्के लोकांच्या एमआरआयतही मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसते. ती दिसली की सगळं खापर तिच्यावर फुटतं आणि माणूस हलायलाच घाबरतो.

ही व्यवस्था फसते ती अधिकार अर्धवट दिल्यावर. फिजिओथेरपिस्टला स्वतः एमआरआय सांगता येत नसेल, सर्जनकडे थेट पाठवता येत नसेल, तर रुग्णाचा एक हेलपाटा तेवढा वाढतो. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा : ‘गरज पडली तर तुम्हीच पुढे पाठवाल ना?’

मात्र लघवी अडली, बैठकीचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांत कळा सुरू झाल्या किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा.

प्रश्न : मुलाचा घोटा मुरगळला. फिजिओथेरपिस्टने एक्स-रे न काढताच घरी पाठवलं. चालेल?

उत्तर : मोठ्या मुलाच्या बाबतीत बहुधा चालेल. घोट्याच्या दोन्ही हाडांचा मागचा काठ, खालच्या टोकापासून 6 सेंटीमीटरपर्यंत, आणि खालची टोकं दाबून पाहिली असतील. तिथे दुखत नसेल आणि दुखापतीनंतर लगेच किंवा तपासताना लंगडत का होईना, चार पावलं टाकता आली असतील, तर घोट्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. कॅनडात तयार झालेले हे ऑटावा नियम. पायाची संवेदनाच कमी असलेल्या मधुमेह्याला मात्र ते लावू नयेत. त्याला दाबलेलं कळेलच असं नाही.