प्रश्न तुमचे: कोंबडी ठणठणीत, तरी अंड्यात साल्मोनेला?

प्रश्न : गादी पद्धतीच्या (जमिनीवर तूस पसरलेल्या) शेडमध्ये 1,200 लेअर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्या आहेत. अंड्यांचे व्यापारी मागतात म्हणून तपासणी करून घेतली. अहवालात ‘साल्मोनेला एन्टेरिटिडिस आढळला’ असे आहे. पण मरतूक नाही, अंडी कमी झाली नाहीत. मागे याच शेडमध्ये टायफॉइड आला तेव्हा पक्षी पटापट मेले, आणि तेव्हाही साल्मोनेलाच सांगितला होता. अहवाल चुकला का? औषध सुरू करू का?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : अहवाल बरोबर असू शकतो. साल्मोनेला एन्टेरिका या जंतूच्या एकाच जातीचे अडीच हजारांहून जास्त सिरोव्हार, म्हणजे उपप्रकार आहेत. मागे पक्षी मारले ते बहुधा गॅलिनॅरम या उपप्रकाराने. आता सापडला तो एन्टेरिटिडिस. दोघे अगदी जवळचे भाऊबंद, पण वागणे उलटे.

हा फरक जनुकांत आहे. दोघांचाही जनुकसंच सुमारे 47 लाख अक्षरांचा. 2008 साली दोन्ही संच शेजारी ठेवून वाचले गेले, तेव्हा दिसले की गॅलिनॅरम एन्टेरिटिडिससारख्याच पूर्वजापासून निघाला आहे आणि वाटेत त्याची 300 च्या आसपास जनुके मोडून निकामी झाली आहेत. त्याला पोहायचे शेपूट राहिले नाही. आतड्यात तळ ठोकून राहायला लागणारी बरीच सामग्रीही गेली. तो आतड्यातून थेट यकृत आणि प्लीहेत शिरतो नि कोंबडी लोळवतो. माणसाला मात्र तो क्वचितच बाधतो.

एन्टेरिटिडिसची सामग्री शाबूत आहे. त्याच्या जनुकसंचात एसपीआय-1 आणि एसपीआय-2 असे जनुकांचे दोन गट आहेत. दोन्ही गट सूक्ष्म सुई बनवतात. पहिल्या गटाच्या सुईने जंतू आतड्याच्या पेशीत घुसतो, तर दुसऱ्याच्या जोरावर जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीतच जगतो. त्या पेशीत बसून तो अंडाशय आणि अंडनलिकेपर्यंत जातो. मोठी कोंबडी आजारी दिसत नाही, अंडे मात्र कवच चढण्याआधीच आतून बाधित होते. सगळी अंडी अशी नसतात. बाधित कोंबडीसुद्धा अधूनमधूनच असे अंडे घालते, आणि ताज्या अंड्यात जंतू सहसा 20 हूनही कमी असतात. पुढचे काम आपला उन्हाळा करतो, ते खाली सांगितले आहे.

औषध सुरू करू नका. काही दिवस शिटेत जंतू कमी दिसतील, औषध थांबले की परत येतील, आणि औषधाचा अंश अंड्यात उतरेल. आधी उंदरांकडे बघा. या जंतूचा शेडमधला खरा मालक उंदीर असतो. बाधित उंदराच्या एका लेंडीत जंतूंची संख्या लाखावर जाऊ शकते. खाद्याची पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर ठेवा. सांडलेले खाद्य संध्याकाळी झाडून घ्या आणि सापळे भिंतीलगत लावा, कारण उंदीर भिंत धरून पळतो. या शेडची अंडी कच्ची किंवा अर्धकच्ची खाल्ली जातात तिथे देऊ नका.

बॅच निघाल्यावर तूस पूर्ण बाहेर काढा, जमीन खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी होऊ द्या, मगच निर्जंतुक द्रावण फवारा. शिटेच्या थरावर फवारलेले औषध शिटेतच संपते. बहुतेकांचा पैसा इथेच वाया जातो. नवी पिल्ले आणण्याआधी पुन्हा नमुना घ्या. बुटांवर ओलसर गॉझचे मोजे चढवून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे नि मोजे निर्जंतुक पिशवीत भरून द्यायचे.

प्रश्न : पक्षी मरत आहेत, तुरे फिके, शीट पिवळसर हिरवी. गावातल्या माणसाने रक्ताच्या थेंबावर रंगीत अँटिजेन टाकून ‘टायफॉइड’ सांगितला. पण शिटेचा नमुना प्रयोगशाळेतून निगेटिव्ह आला. खरे काय मानायचे?
— एक वाचक, चांदूर बाजार तालुका, जि. अमरावती

उत्तर : लक्षणे टायफॉइडसारखी आहेत, पण दोन्ही तपासण्यांत गोम आहे.

थेंबाची तपासणी जंतूच्या बाह्य आवरणावरचा ओ-9 हा भाग ओळखणारी प्रतिपिंडे शोधते. हा भाग गॅलिनॅरम, पुलोरम आणि एन्टेरिटिडिस या तिन्ही उपप्रकारांवर असतो, त्यामुळे गुठळी झाली तरी तिघांपैकी कोण हे कळत नाही. निकाल दोन मिनिटांच्या आत वाचायचा. मे महिन्यात उघड्यावर केली तर थेंब कडेने सुकतो, तो दाणेदार भाग गुठळी समजला जातो.

शिटेच्या तपासणीत एमएसआरव्ही नावाचे जंतू वाढवायचे माध्यम बरेचदा वापरतात. त्यात 41.5 अंशांवर जो जंतू पोहत पुढे पसरतो तोच पकडला जातो. गॅलिनॅरमला शेपूट नाही, म्हणून तो तिथे दिसतच नाही! नुकत्याच मेलेल्या दोन-तीन पक्ष्यांचे यकृत, प्लीहा आणि मांडीचे हाड वेगवेगळ्या पिशव्यांत, बर्फात ठेवून (गोठवू नका) पाठवा. सोबत ‘गॅलिनॅरम, पुलोरमसाठी तपासा’ असे लिहा. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था यांच्याकडे आधी फोनवर विचारून नमुना न्या. औषधाचा पहिला डोस देण्याआधी नमुना काढा, नाहीतर जंतू वाढणार नाही आणि पुन्हा निगेटिव्हच येईल.

9आर ही टायफॉइडची जिवंत लस दिली असेल तर तेही कळवा. तो गॅलिनॅरमचाच दुबळा वाण आहे, आवरण अर्धवट बनलेला. लसीच्या आगेमागे अँटिबायोटिक दिले तर लसच मरते.

प्रश्न : एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक पूर्वी लागू पडायचे, आता पडत नाही. अहवालात ‘रेझिस्टंट’ आले. कंपनी बदलू का?
— एक वाचक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : कंपनी बदलून काही होणार नाही. हे औषध जंतूच्या गायरेज या विकराला पकडते. त्याच्या जायर-ए जनुकात 83 व्या जागी टीसीसी हा संकेत असतो. मधल्या सी च्या जागी टी आले की विकरात सेरिन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलॲलॅनिन बसते आणि औषधाची पकड सुटते. एका अक्षराचा बदल. कोट्यवधी जंतूंत तो आपोआप होतो. औषध बाकीच्यांना मारते आणि हा एकटा वाढतो. पाण्यातून अर्धवट डोस दिला तर हे हमखास होते. उन्हाळ्यात कोंबडी नेहमीच्या दुप्पट पाणी पिते, त्यामुळे लिटरमागे मोजलेला डोस दुपारी जास्त नि पहाटे जवळजवळ शून्य पडतो.

टेट्रासायक्लिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचे निराळे आहे. औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाचे टेट-ए जनुक बहुधा प्लाझमिडवर, म्हणजे सुट्या डीएनए-वलयावर असते. हे वलय शेजारच्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूकडून साल्मोनेलाला सहज मिळते. एकाच वलयावर चार औषधांची जनुके असली तर एक औषध चालू ठेवून चारही टिकवली जातात. अमेरिकेने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन 2005 मध्येच बंद केले. आपल्याकडे कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर जुलै 2019 पासून अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत बंदी आहे. कुणी ‘जुना साठा आहे’ म्हणून दिले तरी घेऊ नका. संवेदनशीलता तपासून पशुवैद्य सांगतील तेच औषध, आणि अंडी विकायची असतील तर किती दिवस थांबायचे ते आधी विचारून.

प्रश्न : गावरान अंडी मातीने माखतात. धुऊन विकली तर भाव मिळतो, पण घरचे म्हणतात, ‘धुतलं अंडं लवकर नासते.’
— एक वाचक, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : घरच्यांचे ऐका. कवचाला हजारो छिद्रे असतात आणि त्यांवर एक पातळ आवरण असते. धुताना ते जाते. शिवाय पाणी अंड्याहून थंड असले की आतला ऐवज आकसतो आणि घाण पाणी आत ओढले जाते. म्हणून धुण्याचे पाणी अंड्यापेक्षा निदान 11 अंश गरम लागते. मेमध्ये अंडेच 40 अंशांवर असते, म्हणजे पन्नासच्या पुढचे पाणी. घरी हे जमण्यासारखे नाही. कोरड्या बारीक पॉलिश पेपरने डाग काढा. खुराड्यात पेंढा बदलता ठेवा आणि दिवसातून तीनदा अंडी उचला.

ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात लोह घट्ट बांधलेले असते, त्यामुळे जंतू उपाशी राहतो. उष्णतेत बलकाची त्वचा ढिली पडते, लोह आणि पोषण बाहेर झिरपते, मग ते 20 जंतू झपाट्याने वाढतात. शक्य असेल तर 7 अंशांखाली ठेवा. ते नसेल तर कुलरच्या खोलीत ठेवा, पण ट्रेवर ओले पोते टाकू नका. ओल्या कवचातून जंतू सहज आत जातो. फ्रिजमधली अंडी बाजारात नेल्यावर घामेजतात, तेही तसेच. एकदा थंड केली की थंडच राहू द्या.

प्रश्न : हाफ-बॉइल अंडे चालते का?
— एक वाचक, उमरेड, जि. नागपूर

उत्तर : लहान मुले, गरोदर बायका आणि म्हाताऱ्यांना देऊ नका. जंतू मरायला बलक मध्यापर्यंत 70 अंशांच्या वर जायला हवा, म्हणजे तो पूर्ण घट्ट झाला पाहिजे. उकळत्या पाण्यात 10-12 मिनिटे धरा. आणि उकडलेली अंडी गार करायला कच्च्या अंड्यांच्या बादलीतले पाणी घेऊ नका.